दिल्ली गेटपर्यंतची हाळी

हे शहर बावन्न दरवाजांचं, असं म्हणतात. त्यातले आज उभे किती, हे मात्र कुणाला विचारू नये. रिक्षावाला एक आकडा सांगतो, मास्तर दुसरा सांगतात, आणि पानटपरीवरचा माणूस तिसराच सांगून वर शपथ घ्यायलाही तयार असतो. सोनाजी धनगराला या वादात काडीचा रस नव्हता. त्याला तीनच दरवाजे हवे होते: पैठण गेट, रंगीन दरवाजा आणि दिल्ली गेट. दक्षिणेकडून शहरात शिरायचं, उत्तरेकडून बाहेर पडायचं, आणि या तीन कमानींखालून जाता जाता आपली मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करायची, असं त्यानं ठरवलं होतं. आणि सोनाजीनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेवानंही मधे पडू नये.

त्याची एकुलती एक लेक रत्नमाला पुंडलिकनगरात राहते. नवरा कंपनीत कामाला, दोन खोल्या, दारात स्कूटी, गॅलरीत तुळस. बापाचे गुडघे आता रान तुडवायला राजी नाहीत हे तिनं पाहिलं होतं. बसलेला उठताना तो काठी सोडून जवळच्या मेंढीला धरून उठायचा, आणि मेंढीही समजून उभी राहायची. म्हणून तिनंच हिंडून-फिरून गिऱ्हाईक शोधलं. खंडेराव, सिल्लोडकडच्या एका वस्तीवरचा तरणा धनगर, स्वतः मेंढरं राखणारा. तो मिळाला नसता तर पाचोडच्या बाजारात दर आठवड्याला सोनाजीची वाट अडवणारा एक व्यापारी होताच. त्याचा ट्रक मेंढरं भरून कुठं जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. काहीही झालं तरी आईची मेंढरं त्या ट्रकात चढू द्यायची नाहीत, एवढं रत्नमालानं मनाशी पक्कं केलं होतं.

मेंढरं आईची होती, हे खरंच. बानाबाई जाऊन तीन वर्षं झाली, पण कळपातली निम्मी जनावरं तिच्या हातावर वाढलेली.

जावयानं सुचवलं होतं की टेम्पो करू, बायपासनं दोन तासांत सिल्लोड. सोनाजीनं जावयाचा मान राखून ते ऐकून घेतलं आणि मग लेकीला बाजूला घेऊन नाही म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं असं की मेंढरू माणसाला ओळखत नाही, त्याच्या हाळीला ओळखतं. जनावर विकलं आणि हाळी दिली नाही, तर ते नव्या धन्याकडं उपाशी राहून मरतं. आणि हाळी द्यायची ती वेशीखाली, कारण कमानीखाली आवाज घुमतो आणि जनावराच्या कानात बसतो. पहिल्या वेशीत जुन्या धन्यानं हाळी घालायची, दुसऱ्या वेशीत दोघांनी मिळून, तिसऱ्या वेशीत नव्यानं एकट्यानं. त्यानंतर जुन्या धन्यानं पाठ फिरवायची, मागं बघायचं नाही आणि ती हाळी जन्मात पुन्हा तोंडात घ्यायची नाही. त्याच्या आज्यापासून हे असंच चालत आलेलं. गावोगावच्या वेशी रस्ते रुंद होताना गेल्या, तर आता वेशी उरल्या कुठं? या शहरात. म्हणून शहरातून.

तर डिसेंबरातल्या एका रविवारी, बाजार बंद असतो म्हणून, फटफटायच्या सुमाराला सोनाजीचा कळप पैठण गेटखाली आला. धुकं असं उतरलं होतं की दहा पावलांवरचा माणूस सावलीसारखा दिसावा. सोनाजी पुढं, खंडेराव त्याच्या बाजूनं, मधे मेंढरांचा तो मऊ, वाहता लोंढा आणि सगळ्यांत मागं रत्नमाला, साडीवर स्वेटर आणि हातात आईची काठी. सोनाजीनं कमानीखाली थांबून हाळी घातली, "हर्रर्र हुय, हर्रर्र हुय." दगडात ती घुमली. मेंढरं त्याच्या पाठोपाठ पुढं सरकली. रत्नमालाला काहीतरी खटकलं, पण सकाळची वेळ, डोळ्यांवर झोप, तिनं ते सोडून दिलं.

ही वाट तिच्या ओळखीची होती, पण फार विचित्र रीतीनं. ती लहान असताना दरसाल पावसाळा सरला की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, पालं असा सगळा फिरता संसार, याच वाटेनं सिल्लोडच्या डोंगराकडं जायचा. तिला घोड्यावरच्या बोचक्यांत बांधून ठेवलेलं असायचं, उताणी. त्यामुळं तिनं हे शहर पाहिलं ते खालून वर. कमानींच्या पोटातले दगड, सज्ज्यांच्या खालच्या लाकडी तुळया, कबुतरांचे पंख, तारांचं जाळं. घोडा चालतोय हे तिला कळायचंच नाही. तिला वाटायचं, आपण इथंच पडलोय आणि दरवाजे चालत येतायत, आपल्यावरून ओलांडून पुढं जातायत. पुढं लग्न होऊन ती याच शहरात आली, स्कूटीवरून या दरवाजांखालून शंभरदा गेली, पण मान वर करायला सवड कुणाला? आज धुक्यात तिनं मान वर केली, आणि क्षणभर तिचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

टिळक पथावर बहुतेक शटरं बंद होती. मेंढरांच्या खुरांचा आवाज डांबरावर पाऊस पडल्यासारखा येत होता. साड्यांच्या दुकानांच्या काचेआड नटलेल्या बाहुल्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी काचेतून दुसरा एक कळप चालला होता, मुका. चहाच्या गाड्यावरच्या एका माणसानं पेला ओठांपर्यंत नेला आणि पूर्ण कळप जाईपर्यंत तो प्यायचं विसरला. सुपारी हनुमानाच्या देवळाजवळ सडा टाकणाऱ्या बाईनं हात थांबवून कळपाला नमस्कार केला. कशाला केला, ते तिचं तिलाच माहीत. रत्नमालाला हे सगळं कधीतरी पडलेल्या स्वप्नातलं वाटत होतं. कुणी हात लावून जागं करू नये, असंही वाटत होतं.

गुलमंडीला ठरल्याप्रमाणं सोनाजी मागं आला आणि खंडेराव पुढं झाला. इथून वाटेतली हाळी त्याची, सरावासाठी. त्यानं छाती भरून "हर्रर्र हुय" केलं. गेले दोन दिवस वाड्यावर राहून तो तेवढंच शिकला होता, आणि चांगलं शिकला होता. पण मेंढरं जागची हलली नाहीत. म्होरकी मेंढी मान वळवून मागं बघत राहिली. मेंढरामागं मेंढरू जातं हे खरं, पण पहिल्या मेंढरानं कुणामागं जायचं? खंडेरावानं पुन्हा हाळी घातली, मग काठी आपटली, मग पुचकारलं. सोनाजी मागं उभा राहून समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत होता. त्याला वाचता येत नाही.

तिथं रत्नमालाला सकाळचं खटकलेलं आठवलं. आबांची हाळी ही नव्हेच.

आई गेल्यावर महिन्याभरानं ती बापाला बघायला वाड्यावर गेली होती. पहाटे पालात पडल्या पडल्या तिला हाळी ऐकू आली. घशातून निघालेला दमदार "होऽ", मग वर वर चढत जाणारं "ये, ये, येऽऽ", आणि अगदी शेवटी आवाज जरा तुटायचा, हसू आल्यासारखा. ती आईची हाळी होती. रत्नमाला अनवाणी धावत बाहेर आली. बाहेर तिचा बाप उभा होता, पाठमोरा, आणि मेंढरं चहूकडून त्याच्याकडं येत होती. तिनं त्याला काही विचारलं नाही. पुढं ती जेव्हा जेव्हा गेली तेव्हा पहाटे तीच हाळी ऐकत पडून राहिली. सुखानं, खोटं कशाला बोला. घरात आईचा एक फोटो होता, तोही आधार कार्डावरचा. आवाज तेवढा आबांच्या गळ्यात राहिला होता.

आणि तो गळा खंडेरावाला भलतंच शिकवून मोकळा झाला होता.

तिनं बापाच्या जवळ जाऊन हळूच विचारलं की ही कुठली हाळी दिली तुम्ही. सोनाजीला एकदम कमी ऐकू यायला लागलं. मच्छली खडकापर्यंत कळप कसाबसा ढकलत न्यावा लागला. खंडेराव पुढून ओढतोय, रत्नमाला मागून लोटतेय, आणि मधे सोनाजी शेजारच्याच्या लग्नाला आल्यासारखा चाललाय. सिटी चौकात वाहतुकीच्या हवालदारानं शिट्टी तोंडात धरली, कळप बघितला आणि शिट्टी पुन्हा खिशात घातली. इथून सरळ वर गेलं की किलेअर्क, रंगीन दरवाजा. तेवढ्यात कुणीतरी दुकानाचं शटर खडाड्‌दिशी वर केलं, मेंढरं बुजली आणि उजवीकडं सराफ्यात घुसली.

सराफ्यातून ती जी सुटली ती थेट शहागंजच्या घड्याळापाशी. धुकं विरळ होत होतं आणि त्यातून तो मनोरा वर आला. रत्नमाला धावता धावता थबकली. लहानपणी घोड्यावरून तिनं हे घड्याळ बघितलं होतं, आणि तो चंद्र आहे असं ती कितीतरी वर्षं समजत होती. इथं मात्र स्वप्न संपलं, कारण खाली भाजीच्या हातगाड्या नुकत्याच लागत होत्या आणि सोनाजीच्या मेंढरांना मेथी दिसली होती.

मग जे झालं ते काय सांगावं. अर्धी मेंढरं गाड्यांमधे, अर्धी रस्त्याच्या मधोमध. एक भाजीवाला दोन्ही हातांनी कोथिंबीर छातीशी धरून, "अजी चाचा, तुमारे मेंढे सब खा गए की," असं काकुळतीला येऊन म्हणत होता. खंडेराव घसा फुटेस्तोवर हर्रर्र हुय करत होता आणि त्याला मेंढरं तर सोडाच, कोंबडी बधली नसती. तशात वळणावरून शहर बस आली, उजेडाचे दोन डोळे घेऊन, आणि म्होरकी मेंढी नेमकी तिच्या वाटेत उभी राहिली.

"होऽ... ये, ये, येऽऽ."

सोनाजीनं काठीवर भार देऊन, डोळे मिटून हाळी घातली होती. सगळ्या शहागंजावरून ती गेली, शेवटाला जराशी हसली आणि विरली. गाड्यांमधनं, चाकांखालनं, रस्त्यावरनं मेंढरं निघाली आणि सुईमागून दोरा यावा तशी ओळीनं त्याच्या पायाशी आली. बस थांबली. भाजीवाला कोथिंबीर विसरून सोनाजीकडं बघत राहिला. रत्नमालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

ती भाजीवाल्याशी बोलली, नुकसान भरून देते म्हणाली, तर तो नको म्हणाला. मेंढराच्या तोंडचा घास काय मोजायचा, असं म्हणून त्यानं उरलेली मेथीची जुडीही त्यांच्यापुढं टाकली.

खंडेराव मात्र बाजूला उभा होता. त्याला राग आला नव्हता, त्याचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, "मामा, ही हाळी मला दिली नाय तुमी."

सोनाजी म्होरक्या मेंढीच्या लोकरीतला मेथीचा पाला झटकू लागला.

रत्नमालाला वाटलं, आता आपण बोलावं. ती हाळी तिच्याही गळ्यात होती. लहानपणी तिनं आईच्या मागं उभं राहून हजारदा नक्कल केली होती, आणि आत्ता इथं, पाच मिनिटांत, ती खंडेरावाला शिकवू शकली असती. पण आपल्या वाटणीचं नसलेलं दान आपण करू नये, एवढं तिला कळत होतं. ती बापाला म्हणाली, "आबा, आयची हाळी द्या त्यास्नी."

"म्या मेंढरं इकली," सोनाजी म्हणाला. "तिची हाळी इकली नव्हती."

हाळी सोनाजीच्या तोंडून निघाली होती, त्यामुळं मेंढरं आता त्याच्याच मागं चालू लागली आणि तो आपसूक पुढं झाला. शहागंजातून मागच्या गल्ल्यांनी ते निघाले. ऊन अजून नव्हतं, नुसता उजेड होता, दुधात पाणी घातल्यासारखा. एका माडीवरून कुणी म्हातारा रेडिओ लावून खाली बघत होता. एका दारात लहान मुलगी ब्रश तोंडात तसाच धरून उभी होती आणि एक कोकरू तिचा फ्रॉक हुंगून गेलं. रत्नमाला चालत होती आणि तिच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. ही हाळी दिली नाही तर मेंढरं जगत नाहीत. दिली तर आईचा आवाज सिल्लोडला जातो, आणि आबा तो पुन्हा कधी काढणार नाहीत. रीत म्हणजे रीत. दोन्हीपैकी काय व्हावं, हे तिला देवानं विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

रंगीन दरवाजापाशी खंडेराव थांबला. त्यानं सोनाजीच्या पायांना हात लावला आणि शांतपणे सांगितलं की मामा, राहू द्या. ज्या जनावराला माझा आवाज कळत नाही ते मी नेलं तर मला पाप लागेल. तुम्ही मेंढरं माघारी न्या, मी सिल्लोडची बस धरतो. बोलण्यात खोच नव्हती. त्याचं घोंगडं त्यानं खांद्यावर नीट केलंसुद्धा.

सोनाजी कमानीखाली उभा राहिला. म्होरकी मेंढी त्याच्या गुडघ्याला टेकून उभी होती आणि तो तिच्या कानामागं खाजवत होता. माघारी न्यायची म्हणजे कुठं न्यायची, हे त्याला कळत होतं. गुडघे त्याचेच होते, आणि ट्रकवाला पुढच्या बाजारात हजर असणार होता. मग त्यानं खंडेरावाला खुणेनं जवळ बोलावलं.

"छातीतून काढू नगंस," तो म्हणाला. "हितनं, घशातनं. आन् शेवटाला जरा हसायचं."

खंडेरावाला वाटलं, चेष्टा आहे. सोनाजीनं करून दाखवलं. खंडेरावानं केलं, ते रडल्यासारखं झालं. सोनाजीनं पुन्हा दाखवलं. रत्नमालानं पिशवीतून फोन काढला आणि विचारलं की आबा, एवढी भरून घेऊ का यात. सोनाजीनं मान हलवली. डबीत घालून ठेवायची हाळी नव्हे ती, म्हणाला. तिनं फोन परत ठेवला, आणि पुढं कितीतरी दिवस या गोष्टीची तिला हुरहूर लागून राहिली. कमानीखाली दोघं जण, एक म्हातारा आणि एक तरणा, एका बाईचा आवाज काढत उभे होते. शाळेच्या मैदानाकडं निघालेली क्रिकेटची पोरं थांबून हसली आणि मग हसायची थांबली. हळूहळू खंडेरावाचा "ये" वर चढायला लागला. एका खेपेला तो शेवटी खरंच हसला, लाजून, आणि म्होरक्या मेंढीनं कान टवकारले. ती सोनाजीचा गुडघा सोडून दोन पावलं त्याच्याकडं गेली.

"जमलं," सोनाजी म्हणाला. मग दोघांनी मिळून एकदा हाळी घातली, रीतीप्रमाणं. सोनाजीची ती शेवटची.

दिल्ली गेटपर्यंतची वाट खंडेरावानं एकट्यानं चालवली. म्हणजे चालला तो, पुढं, आणि मेंढरं त्याच्यामागं, आणि बापलेक सगळ्यांत शेवटी, पाहुण्यांना पोचवायला आल्यासारखे. हिमायत बागेकडून पक्ष्यांचा कालवा ऐकू येत होता. दिल्ली गेट समोर आलं तेव्हा त्याच्या माथ्यावर पहिलं ऊन पडलं होतं आणि खाली अजून धुकं होतं, त्यामुळं दरवाजा वरून शहरातला आणि खालून कुठला भलत्याच मुलखातला वाटत होता. मेंढरं त्या खालच्या मुलखात शिरली. एकेक करून पाठी पांढऱ्या झाल्या, दिसेनाशा झाल्या. कमानीच्या तोंडाशी बाजूला थांबलेल्या खंडेरावानं वळून हात जोडले आणि तोही गेला.

आता जुन्या धन्यानं पाठ फिरवायची. सोनाजीनं फिरवली. रत्नमालाला हायसं वाटलं, रडूही आलं. घरी जाऊन आबांना गरम पाण्यानं अंघोळ घालू, दोन दिवस नुसतं झोपू देऊ, असं ती मनाशी जुळवत होती. तेवढ्यात कमानीच्या पोटातून तिसऱ्या वेशीची हाळी आली.

"होऽ... ये, ये, येऽऽ." आणि शेवटी ते हसू.

सोनाजीचे पाय वळले. तो झपाझप निघाला, गुडघ्यांची तक्रार विसरून, सरळ दरवाजाकडं. रत्नमालानं धावत जाऊन त्याचा दंड धरला. ती त्याला समजावायला लागली की मेंढरं आता आपली नाहीत, मागं बघायचं नसतं, तुम्हीच सांगता ना.

"मेंढरासाटी नाय गं," सोनाजी म्हणाला. तो दरवाजाकडंच बघत होता. "तिनं माजं नाव कदी घेतलं नाय, रत्ने. भाकरी झाली की मलाबी असंच बोलवायची."

रत्नमालाला लहानपणीच्या संध्याकाळी आठवल्या. आई पालाच्या तोंडाशी उभी राहून हाळी घालायची, रानातून मेंढरं यायची आणि त्यांच्या मागून आबा यायचे. मेंढरं येतात म्हणून आबा येतात, असं ती समजत आली होती.

हाळी पुन्हा आली, आता दूरवरून, हर्सूलच्या बाजूनं, बारीक. तिनं बापाचा दंड सोडला.